चांदीचा रुपया काळा पडला म्हणजे झिजला नव्हे

सगळ्यात आधी हातातली चिंच खाली ठेवा. लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, पितळेची भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही घरातल्या जुन्या थैलीतून निघालेल्या चांदीच्या नाण्यांजवळ नेऊ नका. वारशाने आलेल्या चांदीच्या नाण्यांचं नुकसान बहुतेक वेळा शंभर वर्षांत होत नाही, थैली उघडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात होतं.

नागपूरच्या जुन्या घरांतून, विशेषतः महाल-इतवारीकडच्या, निघणाऱ्या थैल्यांत एक खूण हमखास दिसते, ती लक्ष्मीपूजनाची. अक्षरांच्या कोपऱ्यांत कुंकू बसलेलं, मुकुटाच्या खाचेत हळद, आणि उरलेला पृष्ठभाग लख्ख. दर दिवाळीला रुपया चिंचेने उजळला, पुसला, पाटावर मांडला. पूजेसाठी ते बरोबरच होतं. नाण्याची स्थिती पाहणाऱ्यासाठी मात्र तो रुपया पन्नास वेळा घासलेला आहे. त्याच थैलीत तळाशी पडलेला, पाटावर कधीच न आलेला, करडा-काळा रुपया बहुधा जास्त मोलाचा निघतो. म्हणून थैली ओतताना 'चांगली चमकणारी' आणि 'खराब झालेली' असे ढीग करू नका. राज्यकर्त्याप्रमाणे आणि सालाप्रमाणे करा.

सामान फार लागत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा आणि त्याचं शंभर ग्रॅमचं प्रमाणवजन, दहापट भिंग, व्यास मोजायला व्हर्नियर, साधा चुंबक, एकच बल्ब असलेला टेबललॅम्प आणि खाली अंथरायला जाड टॉवेल. टॉवेल मऊपणासाठी नाही, हातातून निसटलेलं नाणं लादीवर पडून त्याच्या कडेला पोचा येऊ नये म्हणून आहे. नाणं नेहमी कडेने धरायचं. मे महिन्यातला नागपुरी घाम आणि चांदी यांचं अजिबात जमत नाही. घामातल्या मिठाने उमटलेला अंगठ्याचा ठसा काही महिन्यांनी तपकिरी होतो आणि मग निघत नाही. वजन करताना पंखा आणि कुलर बंद ठेवा. वाऱ्यानेच काटा दोन-तीन शतांश ग्रॅम इकडेतिकडे होतो आणि तुम्ही उगीच झीज मोजत बसता.

आता काय काय निघू शकतं ते. सर्वांत जास्त निघतात ते ईस्ट इंडिया कंपनीचे आणि इंग्रजी अमलाचे रुपये, ज्यांना जुनी माणसं कलदार म्हणत. १८३५ पासून या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम ठरलेलं होतं, म्हणजे नेमका एक तोळा. म्हणूनच सराफाच्या तराजूत कलदारच वजन म्हणून टाकला जायचा. चांदी ९१.७ टक्के, व्यास साधारण ३०.५ मिलिमीटर. अर्धा रुपया ५.८३ ग्रॅम, पावली २.९२. १९४० साली चांदी थेट ५० टक्क्यांवर आली. बाकी ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन तेच राहिलं, त्यामुळे हातात काही कळत नाही, पण सहाव्या जॉर्जच्या १९४० ते १९४५ च्या रुपयात शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅम आणि त्याआधीच्या रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम. मोडीच्या हिशेबात हे दोन ढीग एकत्र झाले तर कुणाचं तरी नुकसान होणार, आणि ते सराफाचं नसतं. वाघाच्या चित्राचा १९४७ चा रुपया पांढराशुभ्र असला तरी निकेलचा आहे, चुंबकाला टक्कन चिकटतो. तो बाजूला काढा.

नागपूरकर भोसल्यांच्या काळातले हाती ठोकलेले रुपयेही अधूनमधून निघतात, मोगल बादशहाच्या नावाचे, फारसी अक्षरांचे. त्यांना कलदारचे निकष लावायचे नाहीत. तिथे ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे मजकूर कधीच पूर्ण उमटत नाही. कडेला चिरा असणं, सराफाने पारखताना मारलेले छोटे ठसे असणं हे नेहमीचं आहे. तिथे झिजेपेक्षा मोठा प्रश्न असतो टांकसाळीचं नाव आणि साल किती वाचता येतं हा. तो स्वतंत्र विषय आहे.

आणि कंपनीचं नाव, १६१६ किंवा १८१८ साल आणि मागे रामपंचायतन किंवा हनुमान असलेलं जाडजूड नाणं निघालं, तर ते देवघरात परत ठेवा. कंपनीने असं नाणं कधी पाडलं नाही. ही नंतर विकायला बनवलेली पूजेची नाणी आहेत, बहुधा पितळ किंवा तांब्यावर मुलामा दिलेली.

वजनाकडे येऊ. पाऊणशे वर्षं हातोहात फिरलेला रुपया हलका होणारच. ११.६० च्या वर असेल तर फार फिरलेला नाही. ११.४० पर्यंत उतरला म्हणजे सुमारे सव्वादोन टक्के चांदी लोकांच्या खिशांत आणि कमरेच्या कशांत गेली. असल्या उतरलेल्या रुपयावर सराफ बट्टा कापत, ते याचसाठी. पण आकडा एकटा वाचू नका, चेहऱ्याशी ताडून बघा. नक्षी कोरीव, ताजी दिसते आणि वजन १०.८, हे जुळत नाही. तसंच चेहरा पुसट आणि वजन ११.९, हेही नाही. दोन्ही ठिकाणी ओतीव नकलेचा संशय घ्यायचा.

संशय आला तर घनता काढा, घरबसल्या निघते. काट्यावर पाण्याची छोटी प्लास्टिक वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाण्याला शिलाईच्या दोऱ्याचा फास घालून ते पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही, असं हातात लटकतं धरा. काटा जो आकडा दाखवेल तेवढं घनसेंटिमीटर नाण्याचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा. समजा रुपया ११.५८ ग्रॅमचा आणि पाण्यात काटा १.१२ दाखवतो, तर घनता १०.३४, म्हणजे ९१.७ टक्क्यांच्या चांदीला शोभणारी. १९४० ते १९४५ च्या रुपयाची साडेनऊच्या आसपास येते, पितळेची साडेआठच्या. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आकडा फुगवतात आणि घनता कमी दाखवतात, म्हणून दोऱ्याला एक हलका झटका देऊन मग वाचा. नंतर नाणं टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं.

'खणखणीत नाणं' ही म्हण याच पारखीतून आली, पण म्हणून रुपया फरशीवर आपटायची गरज नाही. बोटाच्या टोकावर आडवा तोलून लाकडी पेन्सिलीने कडेला हलकंच टिचकवा. अस्सल रुपया लांबवर वाजत राहतो. चीर असलेला, झाळलेला (डाख लावलेला) किंवा शिशाची भेसळ असलेला थप्प वाजतो.

इथवर खरं-खोटं झालं. स्थिती बघायची ती यानंतर, आणि ती काळेपणावर अवलंबून नाही.

चांदीवरचा काळा थर म्हणजे हवेतल्या गंधकाशी झालेला संयोग. थर अगदी पातळ असताना सोनेरी-पिवळा दिसतो, वाढत गेला की तांबूस, मग जांभळा-निळा, शेवटी काळपट. धातू त्याखाली शाबूत असू शकतो. झीज म्हणजे धातूच गेलेला. ती नेहमी सर्वांत उंच भागावर आधी येते आणि तो उंच भाग प्रत्येक राज्यकर्त्याच्या नाण्यावर वेगळा आहे. व्हिक्टोरियाच्या मुकुटधारी रुपयावर आधी कानावरचे केस जातात, मग गाल आणि भुवई सपाट होते, मग खांद्यावरच्या वस्त्राची वेलबुट्टी. सातवा एडवर्ड बोडक्या डोक्याचा, त्याच्या कानावरचे केस आणि दाढी आधी पुसते. पाचव्या जॉर्जचा मुकुट, कान आणि मिशी बघायची. सहाव्या जॉर्जच्या मुकुटाचा मधला पट्टा आणि भुवई.

पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मात्र टांकसाळीने आपल्याला एक फुकटचं मोजमाप देऊन ठेवलंय, ते म्हणजे राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती. भिंगाखाली तो हत्ती शोधा. सोंड, कान आणि पाय सुटे दिसतात, कानाची कड अंगापासून वेगळी आहे, तर नाणं संग्राहकांच्या प्रतवारीत एक्स्ट्रा फाइन किंवा त्यापुढचं. कान आणि अंग एक झालंय पण सोंड दिसते, तर व्हेरी फाइन. नुसता हत्तीच्या आकाराचा उंचवटा उरलाय, तर फाइन. त्याखालच्या प्रतीचा रुपया साल विशेष नसेल तर चांदीच्या भावाचाच. याच हत्तीने १९११ साली गोंधळ घातला होता. सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना ते डुक्कर वाटलं, सरकारने बरेचसे रुपये परत घेऊन वितळवले आणि १९१२ पासून हत्ती सुधारून काढला. म्हणून १९११ चा रुपया निघाला तर तो बऱ्यापैकी झिजलेला असला तरी मोडीत घालू नका.

आता सर्वांत जास्त फसगत होते ती जागा. दिव्याखाली नाणं थोडं तिरकं धरून सावकाश फिरवा. न फिरलेल्या नाण्यावर प्रकाशाचे दोन-तीन पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतात. ठसा आदळताना धातू मध्यापासून कडेकडे सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात आणि त्या रेषांवरून हा प्रकाश पळतो. ही टांकसाळीची चमक. एकदा गेली की जगातला कुठलाही सराफ ती परत आणू शकत नाही. घासलेलं नाणं पांढरंशुभ्र दिसेल, पण फिरवलं की आरे पळत नाहीत, प्रकाश जागच्या जागी सांडून राहतो. भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक ओरखड्यांचे झुपके दिसतात. बोटाने गोल गोल चोळलेलं असेल तर गोलाकार. पॉलिशच्या चाकावर लावलेलं असेल तर अक्षरांच्या कडा गोलसर होतात आणि नाणं स्टीलच्या ताटलीसारखं दिसतं.

प्रत्येक रेघ ओरखडाच असते असं नाही, हेही खरं. टांकसाळीत ठसा घासून गुळगुळीत केला की ठशावर ओरखडे पडतात आणि नाण्यावर ते उलटे, म्हणजे उठावदार उमटतात. फरक ओळखायची सोपी खूण अशी: ठशाच्या रेघा मोकळ्या सपाट जागेतच असतात, अक्षराशी किंवा चेहऱ्याशी येऊन थांबतात आणि त्याच्या पलीकडे पुन्हा सुरू होतात. घासल्याचे ओरखडे अक्षराच्या डोक्यावरूनही जातात.

तसंच कमी दाबाने पडलेलं नाणं. मधला भाग पुसट आहे म्हणून झिजलेलं ठरवू नका. पुसट जागेवरही टांकसाळीची चमक फिरत असेल तर तिथे धातू ठशात पूर्ण चढलाच नव्हता. झिजलेली जागा गुळगुळीत आणि बाकी नाण्यापेक्षा वेगळ्या करड्या रंगाची असते.

एक नमुना जवळून बघू. व्हिक्टोरियाचा १८६२ चा रुपया. केसांच्या बटा सुट्या, वस्त्रावरची बुट्टी स्पष्ट, वजन ११.५९. पहिल्या नजरेत उत्तम. आता तो कडेवर उभा करून सावकाश फिरवा. मुकुटाच्या बरोबर वर, घड्याळातल्या बाराच्या जागी, तीन-चार मिलिमीटरभर कडेवरच्या उभ्या खाचा गायब आहेत. तिथला धातू किंचित पिवळसर आणि दाण्यादाण्यांचा. ही कडी काढल्याची खूण. रुपयांच्या माळा आणि गळसऱ्या करताना कडी झाळत, पुढे घरात वाटणी झाली की माळ मोडत आणि कानस मारून जागा सपाट करत. गावाकडून आलेल्या थैल्यांत असे रुपये भरपूर. चेहरा कितीही चांगला असो, संग्राहक त्याला सदोषच म्हणणार आणि किंमत चांदीच्या आसपास येणार. म्हणून आम्ही कड आधी बघतो, चेहरा नंतर. आणि १८६२ बघून हरखूनही जाऊ नका. हेच साल ठशावर ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले गेले. १८४० च्या नाण्यांचंही असंच आहे.

साल खरंच महत्त्वाचं असेल तेव्हा शेवटचा अंक भिंगाखाली नीट तपासा. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या सालाचा अंक खोदून ९ करणारे आहेत. त्या अंकाभोवतीची सपाट जागा बाकीच्या जागेपेक्षा खोल किंवा खरखरीत असेल तर उत्तर मिळालं. टांकसाळीची खूणही टिपून ठेवा. पाचव्या जॉर्जच्या रुपयाच्या मागच्या बाजूला खालच्या कमळापाशी टिंब असेल तर मुंबई, काही नसेल तर कलकत्ता. सहाव्या जॉर्जच्या १९४३ ते ४५ च्या नाण्यांवर इंग्रजी एल असेल तर लाहोर.

आता स्वच्छतेचं. काळा थर काढायचाच नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ. खायचा सोडा आणि ॲल्युमिनियम फॉइलचा उपाय सगळ्यांना माहीत असतो. त्याने काळा थर जातो हे खरं, पण नाणं निर्जीव पांढरं पडतं आणि जाणकाराला ते लांबूनच कळतं. सराफाकडचं बुडवायचं द्रावण तर थराबरोबर वरची चांदीही थोडी खातं. दोनदा बुडवलं की ते पळणारे आरे संपले.

अपवाद एकच, हिरवा चिकट थर. जुन्या अल्बमचे मऊ, वास येणारे प्लास्टिकचे खिसे पीव्हीसीचे असतात. उन्हाळ्याच्या उष्णतेत त्यातून आम्ल सुटतं आणि मिश्रणातल्या तांब्याला खातं. पन्नास टक्के चांदीची नाणी यात आधी मरतात, कारण तांबं चाळीस टक्के. उपाय शुद्ध ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं सुगंधी द्रावण नव्हे. काचेच्या वाटीत नाणं बुडेल इतकं ॲसिटोन घ्या, पाच मिनिटं ठेवा, वाटी हलकी हिंदकळवा, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा बुडवून काढा आणि उभं ठेवून वाळू द्या. दुसरी वाटी चुकवली तर पहिल्या वाटीत विरघळलेली घाण पातळ होऊन नाण्यावरच वाळते. खिडकी उघडी, गॅस बंद, देवघरातला दिवाही विझलेला असू द्या, ॲसिटोनची वाफ पेट घेते. खाचांतलं सैल कुंकू निघालं तर याच बुडवणीत निघू द्या, टोकरू नका. हिरव्याखाली खड्डे पडले असतील तर ते राहणारच.

ठेवणीत नागपूरचा एक खास शत्रू आहे, तो म्हणजे कुलर. एरवी एप्रिल-मेची कोरडी हवा चांदीला चांगली, पण घरात वाळ्याच्या ताट्यांतून दिवसरात्र ओलसर हवा फिरते आणि कपाट त्याच खोलीत असतं. मग जून-जुलै आहेच. नाणी कुलर नसलेल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापरा. रबरबँड नको, त्यात गंधक असतं, रुपयाच्या चळतीवर त्याचा काळा पट्टा उमटतो. वर्तमानपत्र, खाकी पाकीट, लोकरी कापड हेही नको. कडक प्लास्टिकच्या कॅप्सूल उत्तम. दोन बाय दोन इंचांचे पुठ्ठ्याचे होल्डर स्वस्त आणि चांगले, फक्त पिना मारल्यावर त्यांचे पाय पकडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा.

विकायचं असेल तर इतवारीच्या सराफ्यात जाण्याआधी मोडीचा हिशेब घरी करून जा: वजन गुणिले ०.९१७ गुणिले दिवसाचा ग्रॅमचा भाव. १९४० ते १९४५ च्या रुपयाला ०.९१७ ऐवजी ०.५ ने गुणा. हा तळ. पूर्ण चमक असलेली, कड शाबूत असलेली किंवा दुर्मिळ सालाची नाणी त्या तराजूत घालायचीच नाहीत, ती संग्राहकाला दाखवायची. थैलीत शंभर रुपये असतील तर अशी पाच-सात निघाली तरी पुष्कळ, आणि सगळी मेहनत ती पाच-सात ओळखण्यासाठीच आहे. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाण्यांची प्रतवारी करणाऱ्या कंपन्यांकडून नाणं तपासून डबीत बंद करून घेण्याचा खर्च साध्या सालाच्या नाण्याला परवडत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही, अमेरिकेतल्या भावाच्या वाट्याचंसुद्धा. आणि नाणी थैलीत नव्हे, तर वाडा पाडताना जमिनीत किंवा भिंतीत पुरलेली सापडली, तर ती वारशाची आहेत असं परस्पर गृहीत धरू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

शेवटी वहीत प्रत्येक नाण्याची एक ओळ. नमुन्यादाखल: 'क्र. १४. पाचवा जॉर्ज, रुपया, १९१८, मुंबई. ११.६२ ग्रॅम. हत्तीचा कान सुटा, सोंड पूर्ण. समोर चमक अर्धी, मागे जवळजवळ पूर्ण. कड शाबूत. मागे सहाच्या जागी तपकिरी डाग. घासलेलं नाही.' हाच क्रमांक होल्डरवर टाकायचा तर नाणं आत घालण्याआधी टाका. आत नाणं असताना बॉलपेन दाबून लिहिलं तर पातळ खिडकीवरून निसटलेल्या टोकाची रेघ थेट नाण्यावर उमटते.